एक पाऊल डावीकडे

इशितानं स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं, तेव्हा लतानं लाटणं खाली ठेवलं. लग्नाला सहा वर्षं झालेली मुलगी अशी दार लोटून आईजवळ येते तेव्हा बातमी एकच असते, असं तिचं पक्कं मत होतं.

"कितवा महिना?" तिनं हळूच विचारलं.

"कसला महिना? आई, प्लीज यार! बाबांबद्दल बोलायचंय."

लतानं निराश होऊन लाटणं पुन्हा उचललं. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, पण टिपणिसांकडे गुळाच्या पोळ्या रविवारीच व्हायच्या, कारण रविवारीच सगळे एका छपराखाली सापडायचे. मुलगा यशोधन गुरुग्रामहून, इशिता द्वारकेहून आणि लताच्या नवऱ्याची, जयंतरावांची, थोरली बहीण अक्का याच सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरून. तिघांत सगळ्यात उशिरा अक्काच पोचायच्या. बाहेर दिल्लीतल्या मयूर विहारवर धुकं असं बसलं होतं की समोरचा ब्लॉकही दिसत नव्हता. जयंतराव मात्र सकाळी सहालाच मंकी कॅप चढवून सोसायटीच्या हॉलमध्ये कराटे शिकवायला गेले होते, ते अकराशिवाय येणार नव्हते.

"बाबा कांकू चुकीचं करतायत," इशिता म्हणाली.

लतानं जन्मात कुणाला चापट मारली नव्हती, पण चाळीस वर्षं कराटेचे पांढरे कपडे धुतल्यावर माणसाला काही गोष्टी आपोआप कळायला लागतात. काता म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूंशी एकट्यानं, ठरलेल्या क्रमानं केलेली लढाई, हे तिला ठाऊक होतं. कांकू हा त्यातला लांबलचक काता, पासष्ट हालचालींचा. दोन्ही हात जोडून वर न्यायचे, बोटांच्या मधून आकाशाकडे पाहायचं आणि मग तुटून पडायचं. जयंतराव तो रोज करायचे, पाऊस असो, ताप असो, नाहीतर पाहुणे असोत.

"चुकीचं म्हणजे?"

"सदतिसाव्या हालचालीनंतर ते डावीकडे एक पाऊल सरकतात ना, ते पाऊल नाहीच आहे. कुठेच नाही. मी नागोयाला होते तेव्हा तिथल्या सेन्सेईंनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, हे कुठून आणलंस? मी म्हटलं, वडिलांनी शिकवलं. तर ते इतके गोड हसले ना, आई, की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं."

"आणि तू येऊन तीन वर्षं झाली, अजून गप्प?"

"काय सांगणार होते? बाबांनी त्या पावलावर टी-शर्ट छापलेत!"

हे मात्र खरं होतं. काता जिथून सुरू होतो तिथेच संपावा असा नियम, पण त्या एका पावलामुळे जयंतरावांचे विद्यार्थी दरवेळी एक पाऊल डावीकडे संपायचे. कुणी विचारलंच तर जयंतराव डोळे बारीक करून सांगायचे, "माणूस जिथून निघतो तिथे परत येत नाही. थोडा सरकतोच. हीच तर साधना." बाकीच्या क्लासेसमध्ये पाऊल नाही कसं, यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. ते लोक शॉर्टकट मारतात. सहा वर्षांपूर्वी हे तत्त्वज्ञान हिंदीत होऊन टी-शर्टच्या पाठीवर गेलं, 'जहाँ से चले, वहाँ नहीं लौटे', आणि सोसायटीतली निम्मी पोरं ते घालून मदर डेअरीच्या बूथवर रांगेत उभी असायची.

"असू दे की मग. चाळीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही ना?"

"पुढच्या रविवारी अडणार आहे. मोरिता सेन्सेईंनी पत्रात लिहिलंय, कांकू करून दाखवा. दुसरा काता नाही. ह्याच्यावरच सहावी दान."

लताच्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली. सहावी दान, म्हणजे ब्लॅक बेल्टमधली सहावी पायरी, हा जयंतरावांचा दुखरा आणि लाडका, दोन्ही कोपरा. निर्माण भवनातल्या सरकारी ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात ते नोकरीवर दोन वाक्यं बोलले होते आणि सहाव्या दानवर वीस मिनिटं. पहिल्या खेपेला गुडघा गेला, दुसऱ्या खेपेला कोविड आला. आता सदुसष्टाव्या वर्षी तिसरी खेप. त्यांचे गुरू ओकादा कधीच गेले. मोरिता त्यांचे गुरुबंधू, वय अठ्ठ्याहत्तर, आणि ही आपली शेवटची भारतवारी असं त्यांनी स्वतःच कळवलेलं. जयंतरावांनी यंदा काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकावर, जाणंसुद्धा सोडलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या बसमधली पानिपतला जाणारी खिडकीची सीट तीस वर्षांत पहिल्यांदा रिकामी गेली, तीही एका परीक्षेच्या सरावासाठी.

"म्हणजे नापास?"

"बिल्कुल नापास. शेवटी जागेवर नसले तर तिथेच संपलं."

तेवढ्यात दार ढकलून यशोधन आत आला. अडतिसाव्या वर्षीही तो पहिली पोळी तव्यावरूनच उचलायचा. "कोण नापास?" त्यानं विचारलं, आणि इशितानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर दिवाळी पसरत गेली.

"एक मिनिट. म्हणजे ते पाऊल नाहीच आहे? कधीच नव्हतं?"

"नाही."

"क्या बात है!" त्यानं पोळीची ताटली ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हात वर करून एक गिरकी घेतली. "सांगा बाबांना. आत्ता सांगा. चलो, मीच हॉलवर जातो."

"यशा, एवढं नाचायला काय झालं?" लता म्हणाली.

"आई, विसरलीस तू? दोन हजार एक, ऑगस्ट. माझी ब्लॅक बेल्टची परीक्षा."

लता विसरली नव्हती. पंधरा वर्षांचा यशोधन, नवाकोरा पांढरा पोशाख, आणि परीक्षक म्हणून बसलेले त्याचेच वडील. त्यानं ते पाऊल घेतलं नव्हतं. कांकू संपवून तो बरोबर निघाल्या जागी, खडूच्या खुणेवर उभा होता. जयंतरावांनी तीस मुलांसमोर सांगितलं, "घाई झाली तुला. सहा महिन्यांनी ये." तो सहा महिन्यांनी आला नाही, कधीच आला नाही. तेव्हापासून 'यशोधनला धीर नाही' हे घरातलं सुभाषितच झालं. त्यानं नोकरी बदलली की तेच, गाडीला पोचा पडला की तेच. सोयरिकीच्या बोलण्यांतसुद्धा जयंतरावांनी व्याह्यांना ते प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं.

"मला ते पाऊल कधी पटलंच नव्हतं," यशोधन म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "प्रत्येक हालचालीला समोर कुणीतरी असतो ना, मारणारा. त्या पावलाला कुणीच नव्हतं. म्हणून नाही घेतलं मी. घाई नव्हती झाली मला. मी बरोबर होतो."

तव्यावरची पोळी करपली.

तो वास काढतच अक्का आल्या. अलकनंदाबाई टिपणीस, वय चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी साली धाकट्या भावाला बोटाला धरून दिल्लीला आणल्याचा अभिमान अजून ताजा. सगळं ऐकून त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "कुणी काही सांगायचं नाही."

"आत्या, अगं ते नापास होतील!"

"होऊ देत. नापास झाला तर गुडघ्यावर ढकलेल, थंडीवर ढकलेल. पण गुरूनं चुकीचं शिकवलं हे कळलं तर कशावर ढकलेल? देव्हाऱ्यात गजाननाशेजारी त्या ओकादाचा फोटो आहे. रोज फूल वाहतो तो. तू काय, तो फोटो काढून ड्रॉवरमध्ये टाकणार आहेस? आणि ते सुद्धा तिळगुळाच्या दिवशी?"

इशिताला हे पटलं, कारण तिला कुणीतरी गप्प राहायला सांगायलाच हवं होतं. यशोधनला पटलं नाही. दोघं हिंदीत भांडायला लागली, ती लहानपणापासून भांडायची तशीच. लतानं गॅस बंद केला. तिच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. तिनं ओकादांना पाहिलं होतं. एका जपानी कंपनीत कामाला असलेला, काटकुळा, भयंकर शिस्तीचा माणूस. शनिवारची चप्पल रविवारी एक इंच सरकलेली त्याला खपायची नाही. तो असा माणूस काताच चुकीचा शिकवेल?

"इशू, करून दाखव गं ते."

"इथे?"

"बाहेर. सोफा सरकव, यशा."

सोफा सरकला, टीपॉय बाल्कनीत गेला. इशितानं मोजे काढले आणि मधूनच सुरुवात केली. चौतीस, पस्तीस, छत्तीस. सदतिसाव्या हालचालीला ती खिडकीकडे झेपावली, थबकली, डावीकडे एक पाऊल सरकली आणि पुढे गेली.

"पुन्हा," लता म्हणाली.

इशितानं पुन्हा केलं. त्या पावलाबरोबर तिचा उजवा खांदा किंचित आत यायचा, अंग चोरल्यासारखा. जयंतरावांचाही यायचा. हॉलमधल्या चाळीसच्या चाळीस पोरांचा यायचा. लता ते इतकी वर्षं बघत आली होती आणि आज पहिल्यांदा तिला ते दिसलं.

"अगं बाई," ती म्हणाली आणि सोफ्याच्या हातावर बसली. "हा तर खांब आहे."

"कसला खांब?"

"करोल बागेतला!"

चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन ती दिल्लीला आली, तेव्हा ओकादांचा क्लास करोल बागेतल्या एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये भरायचा. हॉलच्या मध्याजवळ, जरा एका अंगाला, जाडजूड हिरवा खांब होता. नवऱ्याचं ऑफिस सुटलं की तो थेट तिकडे जायचा, म्हणून नवी नवरी डबा घेऊन तिकडेच जायची आणि त्या खांबाला टेकून स्वेटर विणत बसायची. वीस माणसं ओरडत तिच्या अंगावर धावून यायची आणि हाताच्या अंतरावर आल्यावर डावीकडे सरकून निघून जायची. पहिल्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आठवड्याभरात सवय झाली. ओकादांना हिंदीचे वीस शब्द येत, इंग्रजीचे पन्नास. खांबाला वळसा घाला, हे त्यांनी सांगितलंही नसेल. खांब सगळ्यांना दिसतच होता की! पंच्याऐंशीत ते जपानला परत गेले, दोन वर्षांनी जयंतरावांनी मयूर विहारात स्वतःचा क्लास काढला, आणि सरकारी माणसाच्या इमानदारीनं, जसं पाहिलं तसं, जसं वहीत नोंदलं तसं, कानामात्रेचा फरक न करता शिकवायला घेतलं. वहीत पाऊल होतं, खांब नव्हता.

मग अक्काच आधी फुटल्या. हसता हसता त्यांनी कवळी सांभाळली. इशिता जमिनीवर बसून हसत होती. "म्हणजे सोसायटीतली चारशे पोरं... खांबाला..." तिला पुढे बोलता येईना.

"मग आता टी-शर्टांचं काय?" अक्कांनी विचारलं आणि पुन्हा सगळ्यांना उबळ आली.

"आता सांगता येईल," इशिता डोळे पुसत म्हणाली. "गुरूची चूक नाहीच. दादा, तू सांग."

पण यशोधन हसत नव्हता. "नको," तो म्हणाला. "मी नाही सांगणार. आणि मी असताना तुम्हीही सांगू नका. मी निघतो."

"आता तुला काय झालं? मघाशी नाचत होतास ना?"

"आई, मी सांगितलं तर तो बदला वाटेल. त्यांना वाटेल, तेवीस वर्षं दबा धरून बसला होता. परीक्षेच्या आठ दिवस आधी मला ते करायचं नाहीये." तो जाकीट शोधायला लागला. लतानं ते आधीच उचलून स्वतःच्या मांडीखाली घेतलं होतं.

लिफ्टचं दार वाजलं आणि पाठोपाठ जयंतराव आत आले. लाल नाक, मंकी कॅपवर दवाचे थेंब. बैठकीची खोली मोकळी बघून ते दारातच थबकले. "काय रे, सोफा का सरकवलाय?"

"केर काढत होतो," इशिता म्हणाली.

"तिळगूळ घे, जयंता," अक्का पुढे सरसावल्या. "किती छान दिसतोयस! टोपी किती शोभते तुला!"

जयंतरावांनी वडी तोंडात टाकली आणि चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. साठ वर्षांत अक्कांनी त्यांच्या रूपाचं कौतुक केलेलं नव्हतं. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

लताला हसू आलं. घाबरायला हवं होतं, पण हसूच आलं. ह्या माणसाला वळसे घालून काही सांगण्यात अर्थ नाही, हे तिला चाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. "कुणी नाही गेलं. बसा. अहो, करोल बागेतला तो खांब आठवतो का तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं?" जयंतराव खुलले. टोपी काढून ते सोफ्यावर ऐसपैस बसले. "हिरवा. त्याचा रंग तुझ्या मोरपंखी साडीला लागला होता, रडलीस तू. आणि मी तर पहिल्या आठवड्यात थडकलोच होतो त्याला. कांकू करत होतो, आणि खाडकन खांदा आपटला. ओकादा सेन्सेई एरवी हसायचे नाहीत, त्या दिवशी हसले. मग त्यांनी मला असं दंडाला धरलं आणि डावीकडे..."

ते थांबले.

लताला वाटलं, आता जाऊन त्यांचा हात धरावा, पण तिनं स्वतःला आवरलं. जयंतराव उठले, सरकवलेल्या सोफ्याच्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि मोजे घातलेल्या पायांनी सदतिसावी हालचाल केली. पाऊल आपोआप डावीकडे गेलं. खांदा आपोआप आत आला. त्यांनी आपल्या उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तिथे हात फिरवून पाहिला.

"लता," ते म्हणाले, "इथे काही नाहीये."

"नाही हो."

"अठ्ठेचाळीस ब्लॅक बेल्ट दिले मी." ते खाली बसले. "अठ्ठेचाळीस जणांना मी... अगं, एक जण ह्यूस्टनला शिकवतोय! म्हणजे तिकडे ह्यूस्टनमध्ये पोरं करोल बागेच्या खांबाला..." त्यांचे खांदे हलायला लागले. लता धसकली, पण ते हसत होते. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, मग पाठीमागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळेच पुन्हा हसायला लागले. होती ती भीती त्या हसण्यात निघून गेली. देव्हाऱ्यातल्या ओकादांना त्यांनी तिथूनच हात जोडले. "सॉरी, सेन्सेई! खांब राहिला."

आणि मग, हसता हसताच, त्यांची नजर यशोधनवर गेली. हसू एकदम उतरलं.

"ऑगस्ट महिना होता," जयंतराव म्हणाले. "तू खडूच्या खुणेवर परत आला होतास."

"जाने दो ना, बाबा. पुरानी बात."

"पायाची बोटंसुद्धा खुणेवर होती. मी पाहिली होती. मी मनात म्हटलं, एवढं सुरेख केलं पोरानं, आणि पाऊलच विसरला." त्यांनी घसा साफ केला. "आणि वर तुला धीर नाही म्हणालो. सगळ्यांना सांगत फिरलो."

"बाबा, खरंच. छोडो."

जयंतराव छोडणाऱ्यांतले नव्हते. ते उठून उभे राहिले, स्वेटर खाली ओढून नीट केला, मुलाच्या समोर गेले. टाचा जुळवल्या, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि कमरेतून वाकले. रोज सकाळी क्लास सुरू होताना विद्यार्थी त्यांच्यासमोर वाकायचे तसे. "ओनेगाई शिमास," ते म्हणाले. घरात ह्याचा अर्थ न कळणारं कुणी नव्हतं. कृपा करून मला शिकवा.

यशोधनला कुठे बघावं कळेना. तो आधी आईकडे वळला, मग आत्याकडे. "बाबा, उठा ना. मी तर ब्राउन बेल्ट आहे, यार. तेवीस वर्षं पाय उचलला नाही. इशू थर्ड दान आहे, ती शिकवेल."

"इशिताला ते पाऊल नागोयाला जाऊन काढायला लागलं. तुझ्या पायात ते कधी आलंच नाही," जयंतराव वाकलेलेच होते. "आणि लवकर हो म्हण. गुडघा दुखतोय."

"हो म्हण रे मेल्या," अक्का ओरडल्या. "बाप मोडेल मधेच!"

यशोधन हो म्हणाला का, ते नीट ऐकू आलं नाही, पण तोही वाकला होता, त्यामुळे दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. लता आत जाऊन पोळ्या आणायच्या निमित्तानं भरपूर रडून आली.

पुढचे सहा दिवस यशोधन पहाटे गुरुग्रामहून निघून साडेसहाला हॉलवर हजर व्हायचा. इशिता दोन दिवस फुरंगटली. "घरात थर्ड दान असताना ब्राउन बेल्टवाला कोच, वाह!" मग तिसऱ्या दिवशी तीही आली, आणि ठाण मांडून दादाच्याच चुका काढायला लागली. अडचण साधी होती. डोक्याला कळलं होतं, पायाला कळत नव्हतं. चाळीस वर्षांची सवय, सदतीस आलं की पाऊल डावीकडे. सोमवारी पंचवीस वेळा केलं, पंचवीस वेळा चुकलं. मंगळवारी जयंतराव स्वतःवरच चिडून टोपी फेकून बसले. बुधवारी यशोधननं युक्ती काढली. सदतिसाव्या हालचालीला वडील जिथे सरकायचे, नेमका तिथेच तो जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून.

"आता करा," तो म्हणाला.

जयंतराव आले आणि धाडकन मुलावर आदळले. पुन्हा आले, पुन्हा आदळले. यशोधन जागचा हलला नाही. लता डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहून बघत होती. शुक्रवारी आदळणं निम्म्यावर आलं, शनिवारी दोनदाच झालं. यशोधनच्या खांद्यावर निळा डाग उठला, तो त्यानं ऑफिसात सगळ्यांना दाखवला म्हणे. ह्या सहा दिवसांत त्याला कुणी धीर धर म्हणालं नाही. गरजच पडली नाही.

निकालाची उत्सुकता ताणून धरण्यात मजा नाही, म्हणून सांगून टाकायला हवं. सहावी दान मिळाली. नोएडातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, तीन हीटर लावूनही हाडं गोठवणाऱ्या थंडीत, जयंतराव टिपणीस पासष्ट हालचाली करून जिथून निघाले होते बरोबर तिथे येऊन उभे राहिले. उडी मारायच्या लाथेला उडी जेमतेम वीतभर झाली, पण मोरिता सेन्सेईंना स्वतःचे गुडघे ठाऊक होते, त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. ओकादांच्या परंपरेत परीक्षार्थी रेषेवर येऊन तीन गोष्टी मोठ्यानं सांगतो. स्वतःचं नाव, ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव, आणि काताचं नाव. घरच्यांना तिसऱ्या रांगेत जागा मिळाली होती. अक्कांनी पर्समध्ये अंगारा आणला होता. यशोधन मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होता, इशिता त्याला हात हलवू नकोस म्हणून कुजबुजत होती.

जयंतराव रेषेवर आले. एवढेसे दिसत होते त्या मोठ्या हॉलमध्ये. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग श्वास घेतला आणि म्हणाले, "गुरू, ओकादा सेन्सेई." मोरितांनी कागदावर लिहायला पेन टेकवलं. जयंतराव थांबले नाहीत. तेवढ्याच मोठ्या आवाजात, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल असं, त्यांनी पुढचं नाव घेतलं. "आणि यशोधन जयंत टिपणीस."

मोरितांनी मान वर करून पाहिलं. पुन्हा खाली घातली आणि दोन्ही नावं लिहिली.

तो व्हिडिओ लताच्या मोबाइलवर आहे. चार मिनिटं बारा सेकंदांचा. पहिले वीस सेकंद जयंतराव स्पष्ट दिसतात, नावं सांगताना. त्यानंतर कॅमेरा खाली जातो आणि शेवटपर्यंत फक्त लाकडी जमीन आणि यशोधनचे राखाडी मोजे दिसतात. कांकूची एकही हालचाल त्यात आलेली नाही. पावलांचे आवाज येतात, लांबून जयंतरावांची आरोळी येते आणि अगदी जवळून, मोबाइलच्या कानाशी, एक मोठा माणूस नाक ओढत रडल्याचं ऐकू येतं. लतानं तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. ह्यात जयंता कुठे आहे, असं नागपूरहून, इंदूरहून विचारणा झाली. शेवटपर्यंत बघा, एवढंच तिनं सगळ्यांना कळवलं.